युकुलेलेला लो जी कोणती?

प्रश्न : टेनर युकुलेलेवर (चार तारांचं छोट्या गिटारसारखं वाद्य, टेनर हा त्याचा मोठा आकार) सी हा सा धरून भजनं वाजवतो, पण मंद्र पंचम मिळत नाही. लो जी, म्हणजे नेहमीच्या जीपेक्षा एक सप्तक खाली लागणारी तार, गुंडाळलेली (वरून धातूचा वेढा असलेली) घ्यावी की साधी?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : गुंडाळलेली. साधी फ्लुरोकार्बनची (एक प्लास्टिक) तार जवळपास १ मिमी जाड. नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) अरुंद खाचेत ती वर अडकते आणि पहिल्या पडद्यांवर सूर चढा लागतो. खाच घासून रुंद केली, तर पुढे हाय जी (नेहमीची, बारीक तार) लावल्यावर ती खडखडते. गुंडाळलेली सुमारे ०.७५ मिमी. बोट सरकताना किरकिरते, एवढं चालवून घ्या. सुटी तार इंदुरात मिळाली नाही, तर नायलॉन गिटारची चौथी, म्हणजे डी तार कापून लावा. टेनरवर ताण पुरतो, सोप्रानोवर, म्हणजे छोट्या युकुलेलेवर, ढिली पडते. स्टीलची मात्र नकोच, ब्रिज (तारा जिथे बांधतात ती पट्टी) उखडेल. सूर १९६ हर्ट्झ. हाय जीच्या ३९२ला ओढलीत तर तुटेल.