आधी आळूचं पान बघ

पाणी झटकून टाकणारा लेप करायचाय ना? मग त्याच्या यंत्राचा आराखडा नंतर काढ की. आधी पावसात खानापूरकडं जा आणि आळूच्या पानावरचा थेंब भिंगातून बघ. पानावर बारीक उंचवटे असतात, त्यांवर मेण. थेंबाला टेकायला जागाच कमी मिळते, म्हणून तो धूळ घेऊन घरंगळतो. मग पान बोटानं घासून पुन्हा पाणी टाक, थेंब पसरेल. हा फरक स्वतः पाहिल्याशिवाय लेप करायला घेऊ नकोस, कळकळीनं सांगतोय. मी नुसतं मेण फासलं, उंचवट्यांचा विचारच केला नाही; अख्खा पावसाळा वाया गेला.

असं निरखून बघण्यातूनच वस्तू सुचतात. स्विस अभियंते जॉर्ज द मेस्त्राल यांनी १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळं सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आकडे दिसले, त्यातूनच पुढं वेल्क्रो, म्हणजे दाबली की चिकटणारी पट्टी, झालं. आपल्या बांधावरचे लांडगे, म्हणजे त्या रानझुडपाची काटेरी फळंही, धोतराला तशीच चिकटतात. येताना चार घेऊन ये, मिळून बघू.