ट्यूनिंग झाल्यावर डॅशवर एएफआर गेज लावायचं का?

तुमचा प्रश्न असा की डायनोवर (गाडी रोलरवर पळवून पॉवर मोजायच्या मशीनवर) ट्यूनिंग झालंय, ट्यूनर म्हणतो सगळं सेफ आहे, मग आता एएफआर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं वेगळं गेज लावून मिळणार काय. माझं मत सांगतो, इंजेक्टर, फ्युएल पंप, टर्बो यातलं काहीही बदललं असेल तर लावाच, आणि स्टॉक हार्डवेअरवर नुसता रिमॅप (ईसीयूतलं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलणं) असेल तर आधी ओबीडी (डायग्नोस्टिक) पोर्टला स्कॅनर लावून बघा, कारण बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा ऑक्सिजन सेन्सर कंपनीनेच वाइडबँड (नेमकं प्रमाण मोजणारा) दिलेला असतो आणि त्याची लॅम्बडा व्हॅल्यू (आदर्श प्रमाणाच्या तुलनेत मिश्रण कसं आहे तो आकडा) तिथेच दिसते, वेगळा खर्च कशाला.

ट्यूनर खोटं बोलत नाही हो, पण तो त्या दिवशीच्या गाडीबद्दल बोलतो. मॅप आहे तसाच राहतो, पंप थकतो, फिल्टर चोक होतो, इंजेक्टरवर कार्बन बसतो. आरामात चालवताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल कमी-जास्त (ट्रिम) करत राहतो त्यामुळे हे झाकलं जातं, पण फुल थ्रॉटलला बऱ्याच गाड्या ओपन लूपमध्ये जातात, म्हणजे टेबलात लिहिलंय तेवढं पेट्रोल मारायचं, ते खरंच पोचलं का हे बघायला कोणी नाही. आणि इंजिन जायचं तर नेमकं तिथेच जातं.

एका मित्राच्या टर्बो गाडीत हे बघितलंय. तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबली की आकडा ११.७ च्या आसपास चिकटलेला असायचा, मग मध्येच कधीतरी ५,००० आरपीएमच्या पुढे तो सरकत सरकत १२.५ च्या वर जायला लागला. गाडीत काहीच जाणवत नव्हतं, चेक इंजिन लाइट नाही, उलट थोडं लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झाल्यामुळे जास्तच खेचतेय असं वाटायचं! फ्युएल प्रेशर मोजलं तर बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) चढला की प्रेशर वाढायच्या ऐवजी खाली येत होतं, पंपात दम उरला नव्हता. पिस्टन वाचले ते त्या गेजमुळे.

साधारण आकडे म्हणाल तर पेट्रोलला १४.७ म्हणजे लॅम्बडा १, फुल लोडवर बिनटर्बोच्या इंजिनाला १२.५ ते १३, टर्बोला ११.५ ते १२ च्या आसपास. पण हे इंजिनाप्रमाणे बदलतं, त्यामुळे ट्यूनरकडून डायनोचा लॉग मागून घ्या आणि त्याने कुठल्या आरपीएमला काय टार्गेट ठेवलंय ते बघा, तुमच्या गाडीसाठी तोच खरा आकडा, बाकी कोणाच्या गाडीत काय दिसतं ते सोडून द्या.

घ्यायचं तर वाइडबँडच घ्या. ते रंगीत दिवे नाचवणारं नॅरोबँडवालं गेज म्हणजे शुद्ध शोभा, तो सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये इकडून तिकडे उड्या मारतो आणि फक्त १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो, ११.५ आणि १२.५ मधला फरक त्याला कळतच नाही.

गेज लावल्यावर पहिले काही दिवस उगाच घाबरायला होतं. थ्रॉटल सोडला की आकडा एकदम फुल लीन जातो, ते नॉर्मल आहे, ईसीयू पेट्रोल बंद करतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट लीक असेल तरी लीन दाखवतो, मिसफायर झाला तरी लीनच, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर गेजवर लॅम्बडाच ठेवा, कारण १० टक्के इथेनॉलला खरं प्रमाण १४.१ च्या आसपास असतं पण पेट्रोलच्या स्केलवर गेज १४.७ च दाखवत बसतं. आणि नॉकिंग (सिलिंडरमध्ये मिश्रण आपोआप पेटणं) यात दिसत नाही, एकच सिलिंडर लीन असेल तर तोही सरासरीत लपतो, त्यामुळे हिरवा आकडा म्हणजे सगळं आलबेल असं नाही.

आता मुख्य गोष्ट, डॅशवरचा आकडा बघायचा कधी? पूर्ण दाबलेली असताना नजर रस्त्यावरच पाहिजे, म्हणून मला गेजपेक्षा त्याच्या मागचा कंट्रोलर महत्त्वाचा वाटतो. बहुतेकांना ०-५ व्होल्टचं आउटपुट असतं, ते ईसीयूला किंवा लॉगरला जोडा, आणि ईसीयूत सोय असेल तर बूस्टमध्ये लीन झालं की पॉवर कट व्हावी असं ट्यूनरकडून सेट करून घ्या, तो आपल्या डोळ्यांपेक्षा कितीतरी आधी पकडतो. सेन्सर टर्बोच्या नंतर आणि कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी, आडव्या रेषेपेक्षा निदान १० अंश वर तोंड करून, नाहीतर पाणी साचून मरतो. हीटरला करंट न देता तो एक्झॉस्टमध्ये तसाच ठेवून गाडी चालवू नका, काजळी धरून खराब होतो. शिसंवालं रेस फ्युएल वापरत असाल तर सेन्सर वारंवार बदलायची तयारी ठेवा.

तर आधी ट्यूनरला विचारा की तुमचा ईसीयू बाहेरचा वाइडबँड इनपुट घेतो का, त्यावर कुठला कंट्रोलर घ्यायचा ते ठरेल, गेज ए-पिलरवर बसवायचं की एसी व्हेंटमध्ये हे नंतर निवांत बघा.