गुडघ्याच्या वाटीखालची कूर्चा (हाडावरचं गुळगुळीत आवरण) खराब झाली आहे, ग्रेड २. चालणं आणि जिने कायमचे बंद करावेत का?

नाही. रिपोर्ट कपाटात ठेवा आणि मांडी बळकट करायला घ्या.

तुम्ही लिहिलंय की वय ३४, जिना उतरताना वाटीमागे कळ येते आणि घरचे म्हणतात, आता गुडघे जपा. हे 'जपा' ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसले.

माझा थोरला भाऊ साताऱ्यात गॅरेज चालवतो. त्याच्या लेखी गुडघा म्हणजे बेअरिंग, जेवढं फिरेल तेवढं झिजणार. माझ्या गुडघ्याचा असाच रिपोर्ट आला आणि यानं फर्मान काढलं: सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाणं बंद, पूजेला खुर्ची, शाळेत वरच्या मजल्यावरचे वर्ग नकोत (मुख्याध्यापकांना फोनही यानंच केला!). ज्या डॉक्टरांकडे नेलं तेही त्याच्याच पंथातले. 'झीज आहे, जिने टाळा', आणि हातात इंजेक्शनांच्या पॅकेजचा कागद. सगळा पावसाळा घरात बसून गेला. दुखणं तिथंच, उलट खुर्चीत तासभर बसून उठलं की वाटीभोवती जखडायचं, आणि उजवी मांडी डावीपेक्षा बारीक दिसायला लागली.

मग भाचीनं एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. तिनं रिपोर्ट उघडलासुद्धा नाही. आरशासमोर पाटावर उजव्या पायावर उभं केलं आणि डावी टाच हळूहळू जमिनीला टेकवायला सांगितली. 'ताई, गुडघ्याकडे बघा.' गुडघा दर वेळी आत, पार अंगठ्याच्याही पलीकडे कलंडत होता. मांडीच्या पुढचे आणि कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू ढिले पडले होते, म्हणून वाटीवर नको तिथं दाब येत होता.

आता दादासाठी. कूर्चेत दुखणं जाणवून देणारे मज्जातंतूच नसतात, त्यामुळे कळ ती स्वतः मारत नाही. दुखतं ते खालचं हाड आणि आजूबाजूचं अस्तर. तिच्यात रक्तवाहिन्याही नाहीत. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि त्यासाठी दाब पडणं-सुटणं लागतं. कुठल्या बेअरिंगला फिरवल्यानं पोषण मिळतं? आणि ग्रेड १ ते ४ ही प्रतवारी आउटरब्रिज या सर्जनची, १९६१ सालची. ती कूर्चा कशी दिसते यावर आहे, किती दुखतं यावर नाही. गुडघा अजिबात दुखत नाही अशांच्या एमआरआयमध्येही असले बदल सापडतात.

तुमच्यासाठी: खोल उठाबशा आणि उकिडवं बसणं तेवढं काही आठवडे सोडा. जिन्यावर वाटीमागे वजनाच्या साधारण तिप्पट दाब येतो, खोल बसण्यात त्याहून बराच जास्त. सपाटीवर चाला. पाय सरळ ठेवून उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं, आणि जमायला लागलं की तो पाटाचा व्यायाम. करताना १० पैकी ३ इतकं दुखलं तर चालतं, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर कमी करा, बंद नको. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. तेल चोळून बरं वाटत असेल तर चोळा, पण ते वाटीखाली पोचत नाही (हे आमच्याकडे अजून मान्य नाही).

हो, एक राहिलंच. गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल, अचानक दगा देत असेल, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल किंवा ताप असेल, तर माझं काही ऐकू नका, आधी ऑर्थोपेडिककडे जा. वजन जास्त असेल तर तेही उतरवावं लागेल.

आणि फिजिओनं रोज नुसतं मशीन लावून झोपवून ठेवलं, व्यायाम काही शिकवलाच नाही, तर दुसरा शोधा.