दंतकथेचा माग काढायचा तर आधी प्रत शोधा
वाचकांचे प्रश्न

जुन्या कथा, पोथ्या, काव्ये यांचा अभ्यास करायचा आहे, पण साधने कुठे मिळतात, अशी विचारणा करणारी पत्रे कोकणातून आली आहेत. त्यांतली पाच येथे घेतली आहेत.

प्रश्न : परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण वर काढले, ही कथा मुळात कोणत्या ग्रंथात आहे? तो वाचायला कुठे मिळेल? संस्कृत बेताचेच येते. (निवृत्त शिक्षक, चिपळूण)

उत्तर : तुम्हाला हवे आहे ते सह्याद्रिखंड. ते स्वतःला स्कंदपुराणाचा भाग म्हणवते, पण स्कंदपुराणाच्या नेहमीच्या छापील प्रतीत ते नसते. तिथे माहेश्वर, वैष्णव, ब्राह्म, काशी, आवंत्य, नागर आणि प्रभास ही सात खंडे असतात, तेव्हा ते जाडजूड ग्रंथ चाळण्यात वेळ घालवू नका. जे. गर्सन दा कुन्हा यांनी निरनिराळी हस्तलिखिते ताडून १८७७ मध्ये मुंबईत सह्याद्रिखंड स्वतंत्रपणे छापले. ग्रंथालयात ‘दा कुन्हांची प्रत’ म्हणूनच विचारा.

ती हातात आली तरी एक गोष्ट सांभाळायची. हा एका हाताने, एका वेळी लिहिलेला ग्रंथ नाही. वेगवेगळ्या काळातली क्षेत्रमाहात्म्ये आणि जातींच्या उत्पत्तिकथा त्यात एकत्र आल्या आहेत आणि काही ठिकाणी एका गटाने दुसऱ्याला हिणवण्यासाठी रचलेला मजकूरही उघड दिसतो. म्हणून ‘पुराणात असे आहे’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या अध्यायात आहे आणि कोणत्या हस्तलिखितावरून घेतले आहे, हे सांगावे लागते.

कथेचे जुने धागे मात्र याच्या कितीतरी मागे जातात. महाभारताच्या शांतिपर्वात, भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतल्या ४९ व्या अध्यायात, सागराने जामदग्न्यासाठी, म्हणजे परशुरामासाठी, शूर्पारक देश निर्माण केला असे येते. शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे. तिथे बाण नाही. कालिदासाच्या रघुवंशात, चौथ्या सर्गातल्या रघूच्या दिग्विजयात, रामाच्या (म्हणजे परशुरामाच्या) अस्त्राने हटवलेला समुद्र पुन्हा सह्याद्रीला येऊन भिडल्यासारखा दिसला अशी कल्पना आहे. तिथे अस्त्र आले. केरळात हीच कथा परशू फेकण्याची आहे. एका वहीत चार रकाने आखा : ग्रंथ, त्याचा काळ, समुद्र कशाने हटला, कोणती भूमी मिळाली. आठ-दहा नोंदी झाल्या की कथा कुठे कशी वळली ते आपोआप दिसू लागते.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे रत्नागिरी-सावंतवाडीचे पुस्तक (खंड १०, १८८०) अवश्य पाहा. कुलाबा-जंजिऱ्याचे खंड ११ (१८८३) आहे, ठाण्याचे खंड १३ (१८८२). गावोगावच्या देवळांच्या आख्यायिका त्यांत आहेत. पण गॅझेटियरमधली आख्यायिका हा १८८० च्या सुमारास लोक काय सांगत होते याचा पुरावा आहे, बाराव्या शतकाचा नव्हे. ही गल्लत स्मरणिकांमध्ये आणि देवस्थानांच्या पुस्तिकांमध्ये सर्रास होते.

तुमच्या गावातले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे, तर रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे. जुन्या पुस्तकाची मागणी नुसत्या नावाने करू नका. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त (पहिला भाग १८०० ते १९३७ मधल्या पुस्तकांचा) नोंद शोधून लेखक, प्रकाशक आणि वर्ष चिठ्ठीवर लिहून द्या. नुसते नाव घेऊन गेलात तर बहुतेक वेळा ‘नाही’ हेच उत्तर मिळते. पुस्तक असते, पण संपादकाच्या नावाखाली नोंदलेले असते.

प्रश्न : संगणकावर जुनी मराठी पुस्तके शोधतो, पण सापडतच नाहीत. ‘महिकावतीची बखर’ हवी आहे. (केळवे)

उत्तर : बखर तुमच्याच गावची आहे, महिकावती म्हणजे केळवे-माहीम. वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये छापली. तिच्यातला सर्वांत जुना भाग केशवाचार्यांचा, शके १३७० म्हणजे इ.स. १४४८ चा, बाकीची प्रकरणे नंतरची. उतारा देताना प्रकरण न सांगता ‘महिकावतीच्या बखरीत म्हटले आहे’ असे लिहिले, तर दोन वेगळ्या शतकांची साक्ष एकच ठरते. राजवाड्यांची प्रस्तावना स्वतंत्रपणे वाचण्याजोगी आहे, पण ती राजवाड्यांची मते आहेत, बखरीची नव्हेत.

स्कॅन सापडत नाही याचे कारण बहुधा रोमन लिपीतली नोंद. डिजिटल संग्रहांत मराठी नावे कशीही लिहिलेली असतात : दीर्घ ‘आ’साठी कधी एक अक्षर, कधी दोन; शेवटचा ‘अ’ कधी आहे, कधी नाही. ‘बखर’ची दोन-तीन रूपे करून पाहा, मग संपादकाच्या आडनावाने, मग देवनागरीत. फाइल उघडल्यावर मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि शेवटचे पान आधी तपासा. भलत्याच पुस्तकाला भलतेच नाव, मधली पाने गायब, खंड दुसरा असून नोंद पहिल्याची, हे सगळे नेहमीचे आहे.

काय मोकळेपणी मिळेल याचा अंदाज कायद्यावरून बांधता येतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. राजवाडे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे दोघेही १९२६ मध्ये वारले, त्यांचे लेखन खुले आहे. शं. गो. तुळपुळे १९९४ मध्ये गेले, त्यांच्या लेखनाचा हक्क अजून आहे. ‘सारस्वता’च्या नंतरच्या आवृत्त्यांना त्यांची पुरवणी जोडलेली आहे. पुरवणीसह प्रत हवी असेल तर ती ग्रंथालयात पाहा किंवा विकत घ्या, आणि घ्याच. पुरवणीवाचून नुसते ‘सारस्वत’ आज अपुरे पडते.

प्रश्न : घरात फडक्यात गुंडाळलेली जुनी पोथी आहे. शेवटी ‘शके’ लिहिले आहे, पण आकडा पुसट आहे. ती किती जुनी हे कसे कळेल? मोडी शिकावी लागेल का? (वेंगुर्ले)

उत्तर : आधी मोडीचे. धार्मिक आणि काव्याच्या पोथ्या बहुधा बाळबोध (देवनागरी) लिपीत असतात, मोडी लागते ती दप्तरे, पत्रे आणि बखरींसाठी. तेव्हा पान उघडून पाहा. अक्षरे सुटी, शब्द मात्र एकमेकांना चिकटलेले असतील तर ती बाळबोधच आहे. शब्द तोडायला दोन-तीन आठवड्यांच्या सरावाने जमते. पोथीतले ‘ष’ पुष्कळदा ‘ख’ म्हणून वाचायचे असते, हे लक्षात ठेवा.

आता काळ. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो; पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनाअखेरपर्यंतची तिथी असेल तर बहुधा ७९. आकडा पुसट असला तरी जवळ संवत्सराचे (साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचे) नाव बहुतेक असतेच, आणि खरी किल्ली तीच. शकात १२ मिळवा, ६० ने भागा. बाकी जितकी उरेल तितक्या क्रमांकाचा संवत्सर, प्रभवापासून मोजून (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). उदाहरणार्थ, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केल्याचे सांगताना एकनाथ ‘शके पंधराशें साहोत्तरीं, तारणनाम संवत्सरीं’ म्हणतात. १५०६ अधिक १२ म्हणजे १५१८. ६० ने भागून बाकी १८. अठरावा संवत्सर तारण. जुळले, म्हणजे इ.स. १५८४. तुमच्या पोथीत ‘१६?४, तारण’ असे काही दिसत असेल तर प्रश्नचिन्हाच्या जागी एकेक अंक घालून पाहा. कुठलाच बसणार नाही : उदाहरणार्थ, १६७४ अधिक १२ म्हणजे १६८६, बाकी ६, तो आला आंगिरस. तेव्हा एकं स्थानचा ‘४’सुद्धा चुकीचा वाचला गेला आहे! १६२६ किंवा १६८६ हे दोनच आकडे त्या शतकात तारणाशी जुळतात. पुसट दोन आणि पुसट आठ यांत मग पेच फारसा उरत नाही.

हा शक नक्कल उतरवल्याचा आहे की ग्रंथ रचल्याचा, तेही बघा. काव्याच्या शेवटच्या ओव्यांत गुंफलेला शक रचनेचा, आणि ‘इति’ नंतर गद्यात, लिहिणाऱ्याच्या नावासह आलेला शक नकलेचा. पहिला शक नकलाकार जसाच्या तसा उतरवत जातात. त्यामुळे श्रीधराच्या ‘हरिविजया’ची (शके १६२४) शंभर वर्षांनी केलेली प्रतही ‘१७०२ ची पोथी’ म्हणून मिरवते.

सांभाळण्याबाबत : पोथी उन्हात घालू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. काजळाची शाई पाण्याने सुटते. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. टेपचा डिंक काही वर्षांत कागदात मुरतो आणि पिवळा डाग कायमचा राहतो. पावसाळ्यात पोथी उघडूच नका. एकदा दमट हवा शिरली की पाने चिकटतात आणि बुरशी धरते. खळ काढलेल्या धुवट सुती कापडात घट्ट बांधा, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवा. दिवाळीनंतर, कोरड्या हवेत फोटो काढा. फ्लॅश न वापरता खिडकीच्या उजेडात, फोन पानाला समांतर धरून, बाजूला पट्टी ठेवून. पंचवीस सेंटिमीटर रुंद पान चार हजार पिक्सेलमध्ये भरले तर छपाईजोगे होते. फाइलला पानाचा आकडा आणि अ किंवा ब (पुढची-मागची बाजू) असे नाव द्या. पाने सुटी असतात. क्रम एकदा विस्कटला आणि आकडे झिजलेले असले तर कथाच तुटते.

प्रश्न : महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकते. राजा आर्थरच्या दंतकथांवर प्रकल्प करायचा आहे. इथे मिळणारी पुस्तके मुलांसाठीची आहेत. (रत्नागिरी)

उत्तर : मुलांची पुस्तके बाजूला ठेवा, पण एकदम सगळे वाचायलाही घेऊ नका. तीन टप्पे धरा : जेफ्री ऑफ मॉन्मथचा लॅटिन इतिहास (सुमारे ११३६), बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या क्रेतियँ द त्रुआच्या फ्रेंच पद्यकथा, आणि टॉमस मॅलरीचा इंग्रजी ग्रंथ. मॅलरीच्या बाबतीत प्रत फार महत्त्वाची. मुद्रक कॅक्स्टनने १४८५ मध्ये तो छापताना २१ पुस्तके आणि ५०७ प्रकरणे अशी मांडणी केली. १९३४ मध्ये विंचेस्टरला हस्तलिखित सापडले, त्यात मांडणी वेगळी आहे आणि मजकुरातही फरक आहेत. तुमच्या हातातली आवृत्ती यांपैकी कशावर आधारलेली आहे, हे प्रस्तावनेत पाहून प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर लिहा.

अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाने मध्ययुगीन इंग्रजी ग्रंथांची टीपांसह मालिका नेटवर फुकट ठेवली आहे. तिच्यातल्या सर गवेन या आर्थरच्या सरदाराच्या अकरा कथांपासून सुरुवात करा. शब्दार्थ ओळीशेजारीच असल्याने गाडी अडत नाही. फोर्डहॅम विद्यापीठाच्या मध्ययुगीन साधनसंग्रहातली पुष्कळ भाषांतरे जुनी, हक्क संपलेली आहेत. म्हणून ती समजून घेण्यासाठी वापरा, शब्दशः विश्लेषणासाठी नको. मुंबईला जाणे झाले तर एशियाटिक सोसायटीत डोकवा. दान्तेच्या महाकाव्याचे जुने हस्तलिखित तिच्या संग्रहात आहे. ते मागून मिळत नाही, पण तिथला संदर्भ विभाग उपयोगी आहे. प्राध्यापकांचे पत्र आणि ओळखपत्र सोबत ठेवा, नोंदी पेन्सिलीने करायच्या.

प्रश्न : आक्षीचा शिलालेख वाचायचा आहे. जुन्या मराठीसाठी कोणता शब्दकोश घ्यावा? (अलिबाग)

उत्तर : लेखाच्या वाचनासाठी तुळपुळ्यांचे ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) पाहा. त्यांनी तो शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा धरला आहे. आकड्याच्या वाचनावर वाद आहे, म्हणून दगडावर जाण्याआधी ठसा आणि वाचन शेजारी ठेवून पाहा. खडू किंवा पीठ फासून अक्षरे उठवू नका, त्याने दगड खराब होतो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात अक्षरे स्वतःच उठून दिसतात. शेजारी दिवेआगरचा ताम्रपट (शके ९८२) अभ्यासाला घेतलात तर भाषेची तुलना करता येईल.

कोश : तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९). अर्थ इंग्रजीत आहेत, पण प्रत्येक अर्थाला ग्रंथातला आधार दिलेला आहे. मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती १८५७) एकोणिसाव्या शतकातल्या बोलीसाठी उत्तम. यादवकालीन शब्दाला त्यातला अर्थ लावला की हमखास फसगत होते. हे दोन्ही आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात नेटवर शोधता येतात. शोधताना अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घ बदलून दोनदा पाहा.