फ्रेंच गायक फ्रान्सिस काब्रेलची कारकीर्द थोडक्यात सांगाल का? कुठून ऐकायला सुरुवात करू?

जन्म 1953, नैऋत्य फ्रान्समधल्या आजाँ इथला. वाढला जवळच्याच आस्ताफोर गावात. 1974 साली तुलूजमधली एक गाण्याची स्पर्धा 'पतीत मारी' गाऊन जिंकला, पहिला अल्बम 1977 मध्ये आला. त्या काळी पॅरिसच्या रेकॉर्डिंगवाल्यांना त्याचे दक्षिणी उच्चार खटकायचे. खरं तर तीच त्याची ओळख! पॅरिसमध्ये शब्दाच्या शेवटचा 'e' गिळतात, काब्रेल मात्र तो हलकेच उच्चारतो. म्हणून फ्रेंच शिकणाऱ्याला त्याचे शब्द पकडायला सोपे जातात, फक्त तोच उच्चार परीक्षेत वापरू नका.

1979 च्या 'झ लेम आ मूरिर' या गाण्याने तो घराघरांत पोचला. त्याने ते स्पॅनिशमध्येही गायलं आणि लॅटिन अमेरिकेत ते इतकं रुजलं, की 2011 मध्ये शकिराने पुन्हा गायलं. बरेच जण ते तिचंच समजतात.

सुरुवात मात्र 1994 च्या 'साम्दी स्वार स्युर ला तेर'पासून करा. सगळ्यात जास्त खपलेला आणि माझ्या मते सगळ्यात भरीव अल्बम. त्यातलं 'ला कोरिदा' ऐका: बैलझुंजीच्या आखाड्याबाहेर अंधाऱ्या खोलीत कोंडलेला बैलच गातोय, हे पहिल्यांदा ऐकताना निसटतं, म्हणून शब्द समोर ठेवा. मग 'सार्बाकान' (1989) हा अल्बम. बॉब डिलनच्या गाण्यांची फ्रेंच रूपं असलेला 'वीझ ल स्येल' (2012) शेवटी, मूळ गाणी माहीत असतील तरच त्याची मजा.