वाचकांचे प्रश्न : ‘तडजोड’ लिहिणारे मोर्ले आणि मंत्री मोर्ले

प्रश्न : घर आवरताना आजोबांच्या पेटीत जॉन मोर्ले यांचे ‘ऑन कॉम्प्रमाइज’ हे पुस्तक सापडले. ते बडोदा कॉलेजात शिकत असताना त्यांनी ते घेतले होते आणि त्यात जागोजागी पेन्सिलीच्या खुणा आहेत. आम्ही हे नाव शाळेत केवळ ‘मोर्ले-मिंटो सुधारणा’ म्हणून पाठ केले. सत्याच्या बाबतीत तडजोड नको असे सांगणारा हा लेखक लाला लजपतराय यांच्या हद्दपारीचे समर्थन कसे करू शकला?
– एक वाचिका, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आजोबांच्या त्या पुस्तकातच आहे, मात्र त्याआधी लेखकाची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

मोर्ले यांचा जन्म १८३८ साली लँकेशायरमधील ब्लॅकबर्न येथे झाला. वडील शल्यचिकित्सक होते आणि मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु ऑक्सफर्डमध्ये असतानाच मुलाची धर्मश्रद्धा ढळली आणि पोटासाठी त्याने लेखणी धरली. १८६७ पासून पंधरा वर्षे त्यांनी ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’चे संपादन केले. जॉन स्टुअर्ट मिल यांना ते गुरुस्थानी मानत. व्हॉल्तेअर, रूसो आणि दिदरो यांच्यावर त्यांनी ग्रंथ लिहिले आणि पुढे ग्लॅडस्टन यांचे तीन खंडांचे चरित्रही सिद्ध केले. ईश्वरवाचक इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर ते एके काळी मुद्दाम लहान लिपीत छापत, यावरून त्यांच्या तेव्हाच्या बाण्याची कल्पना यावी.

‘ऑन कॉम्प्रमाइज’ १८७४ साली प्रसिद्ध झाले. त्यात मोर्ले तीन गोष्टी वेगळ्या करतात : मत बनवणे, मत बोलून दाखवणे आणि मत अमलात आणणे. पहिल्या दोहोंत त्यांना तडजोड जवळजवळ मान्य नाही. तिसऱ्या बाबतीत मात्र समाजाची तयारी होईपर्यंत थांबणे ते रास्त मानतात. ही सवलत वाचताना निरुपद्रवी वाटते, पण समाज तयार झाला की नाही हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न तिच्या पोटात दडलेला आहे.

डिसेंबर १९०५ मध्ये मोर्ले भारतमंत्री, म्हणजे ब्रिटिश मंत्रिमंडळातले हिंदुस्थानचा कारभार पाहणारे मंत्री, झाले, तेव्हा हिंदुस्थानातील नेमस्तांना, विशेषतः गोपाळ कृष्ण गोखले यांना, मोठी आशा वाटली. गोखले १९०६ मध्ये लंडनला जाऊन त्यांना भेटलेही. परंतु बंगालची फाळणी ही ‘ठरून गेलेली गोष्ट’ असल्याचे मोर्ले यांनी सांगितले, आणि मे १९०७ मध्ये लजपतराय व अजितसिंग यांना १८१८ च्या जुन्या रेग्युलेशनखाली विनाचौकशी हद्दपार केले गेले, तेव्हा पार्लमेंटात त्याची पाठराखण केली. त्याच वर्षी एका भाषणात त्यांनी कॅनडाचा फरचा कोट दख्खनमध्ये चालणार नाही, अशा अर्थाचा दाखला दिला. दख्खनमधल्या माणसाला कोणता कोट हवा, हे दख्खनमध्ये कोणी विचारले नव्हते. म्हणजे समाजाच्या तयारीचा निवाडा मोर्ले यांनी स्वतःकडे ठेवला होता. डिसेंबर १९०८ मध्ये लॉर्डांच्या सभागृहात तर त्यांनी स्पष्टच सांगितले की, या (मोर्ले-मिंटो) सुधारणांतून हिंदुस्थानात पार्लमेंटरी पद्धत येणार असेल, तर आपला त्यांच्याशी काहीही संबंध असणार नाही.

एवढ्यावरून त्यांना ढोंगी म्हणणे मला पटत नाही. १९०७ मध्ये कृष्ण गोविंद गुप्ता आणि सय्यद हुसेन बिलग्रामी यांना त्यांनी आपल्या कौन्सिलात घेतले, तर १९०९ मध्ये सत्येंद्रप्रसन्न सिंह यांना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नेमले. या नेमणुकांना थोडाथोडका विरोध झाला नव्हता. टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर, हा खटला भरायलाच नको होता, असे त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरना खाजगी पत्रातून कळवले. नापसंती मात्र पत्रातच राहिली आणि टिळक मंडालेला गेले. टिळकांचा गुन्हा लेख लिहिण्याचा होता. म्हणजे येथे मोर्ले यांनी तिसऱ्या नव्हे, दुसऱ्या बाबतीत, मत बोलून दाखवण्याच्या, तडजोड केली, आणि ती त्यांच्याच पुस्तकात बसत नाही. मुसलमानांसाठीच्या स्वतंत्र मतदारसंघांचेही तसेच. प्रथम त्यांनी हिंदू-मुसलमानांच्या संमिश्र निवडणूक-मंडळांची योजना सुचवली होती. दबाव येताच ती सोडून दिली, आणि १९०९ च्या कायद्यात स्वतंत्र मतदारसंघ आले.

आपल्या शहराचा एक धागाही येथे जुळतो. मोर्ले यांच्या कारकिर्दीत नेमलेल्या विकेंद्रीकरण आयोगाचे एक सदस्य रमेशचंद्र दत्त हे त्यापूर्वी बडोदे संस्थानचे महसूलमंत्री होते. १९०९ मध्ये ते येथे दिवाण झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात येथेच वारले.

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन युद्धात उतरले, तेव्हा मात्र पंचाहत्तर वर्षांच्या मोर्ले यांनी तडजोड नाकारली आणि मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यानंतर ते पुन्हा सत्तेत आले नाहीत. १९२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

मत अमलात आणण्याविषयीचे विवेचन पुस्तकाच्या पाचव्या, शेवटच्या प्रकरणात आहे. आजोबांच्या पेन्सिलीच्या खुणा तिथपर्यंत पोहोचल्या आहेत का, ते अवश्य कळवावे.