दुसरा पंप घेण्याआधी

कृष्णाकाठच्या उपशाला जोड पंप घ्यायचा म्हणतोस, पण आधी कागदावर साखळी मांड. फूटव्हॉल्व्ह (पाण्यात बुडालेल्या पाइपच्या तोंडाची झडप), पंप, स्टार्टर (पंपाची मोटर चालू-बंद करणारी पेटी). यातलं एक बंद पडलं की पाणी बंद.

समज, हंगामभर न बिघडता चालण्याची शक्यता पंपाची ०.९०, स्टार्टरची ०.८०, फूटव्हॉल्व्हची ०.९५ आहे. गुणाकार ०.६८४. दुसरा पंप बसवलास तर दोन्ही पंप बिघडले तरच पाणी अडेल, त्याची शक्यता ०.१० × ०.१० = ०.०१; म्हणून पंपाचा टप्पा ०.९९ होतो आणि एकूण आकडा ०.७५२. त्याऐवजी दुसरा स्टार्टर बसवलास तर तो टप्पा ०.९६ आणि एकूण ०.८२१! शिवाय स्टार्टर पंपापेक्षा कितीतरी स्वस्त. म्हणून प्रत्येक रुपयामागे भरवसा किती वाढतो ते बघ, आणि एक जोड दिला की हिशेब पुन्हा कर. तिसऱ्या स्टार्टरने आकडा ०.८४८ वरच थांबतो; तिसऱ्या स्टार्टरऐवजी दुसरा पंप घेतलास तर मात्र ०.९०३. आता पंपाची पाळी.

पण हा गुणाकार खरा कधी? दोन्ही वस्तू वेगवेगळ्या कारणांनी बिघडणार असतील तरच. २०१९ च्या महापुरात आमचे दोन्ही स्टार्टर एकाच भिंतीवर, एकाच उंचीवर होते. दोन्ही एकाच रात्री पाण्याखाली गेले. फार जिवाला लागलं ते. तुझा दुसरा स्टार्टर पूररेषेच्या वर, वेगळ्या खोलीत बसव, एवढं माझं ऐक.

आणि जोड पंप नुसता झाकून ठेवू नकोस. आठवड्यातून एकदा पाणी पडेपर्यंत चालव, एका पंपावरून दुसऱ्यावर जायचा बदलीचा स्विचही त्याच वेळी फिरवून बघ. तोही साखळीतलीच एक कडी आहे.